अण्णांच्या विसरण्याची वही

तवनाप्पा मगदुमांच्या गुऱ्हाळावर वीस वर्षांत एकदाही काहील लागली नव्हती. त्या दिवशी लागली.

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भली मोठी पसरट कढई. ती लागली, म्हणजे आतला पाक करपला, की दिवसभराची मेहनत मातीमोल होते. म्हणून गुऱ्हाळावर सगळ्यात मान असतो तो गुळव्याला, म्हणजे गूळ नेमका कधी झाला हे ज्याला कळतं त्याला. तवनाप्पांसारखा गुळव्या हिरण्यकेशीच्या काठाला दुसरा नाही, असं माळकवाडीत लहान पोरही सांगायचं. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत.

गुळव्याची परीक्षा साधी असते, पण कुणालाही जमत नाही. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती पितळी परातीवर मारतो. 'थप' असा आवाज आला तर अजून वेळ आहे. 'टण' असा आला की काहील ताबडतोब उतरवायची. साल होतं २०६१. शिवारात ऊस तोडायला यंत्रं होती, चिमणीत धूर गिळणारी जाळी होती, पाकाची उष्णता सांगणारा काटाही होता. पण अण्णांचा त्या काट्यावर काडीचा भरवसा नव्हता. "त्यो पाक किती तापलाय ते सांगतोय," ते म्हणत, "गूळ कवा झाला ते न्हाई सांगत."

त्या दिवशी अण्णांनी गोळी मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली आणि वाट बघत उभे राहिले. कोपऱ्यात बाजेवर बसलेले आज्जा काहीतरी पुटपुटले. ऊस पिळायचा घाणा धडधडत होता. अण्णा चौथी गोळी वळत होते, तेवढ्यात करपट वास आला आणि आई जाळ घालायच्या चुलाणाकडून ओरडत धावली. काहील उतरली तोवर पाक काळाठिक्कर पडला होता.

"कुठं हुतं वो ध्यान तुमचं?" आईनं विचारलं.

अण्णा हातातल्या परातीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "इसरलो. किती येळ झाला तेच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

चिपाडांच्या ढिगावर त्यांची लेक सांची बसली होती. अकरा वर्षांची ती पोर. करपलेल्या पाकाचं तिला काही वाटलं नाही. तिला भीती वाटली ती त्या शब्दाची. मगदुमांच्या घरात 'विसरलो' असं कुणी म्हणत नसे. दुधाची पिशवी आणायची राहिली, गृहपाठ राहून गेला, असं म्हणायचं. विसरणं हा शब्द त्या घरानं वाळीत टाकला होता, आणि आज अण्णांनी स्वतःच्या तोंडानं तो उच्चारला.

कारण होतं आज्जांचं. बाळगोंडा मगदूम, अण्णांचे वडील, एके काळचे नावाजलेले गुळवे. सहा वर्षांपूर्वी, एकाहत्तराव्या वर्षी, ते आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरायला लागले, मग माणसांची नावं, मग शेतावरून घरी यायची वाट. डॉक्टरांनी नाव सांगितलं, अल्झायमर (आठवण, विचार आणि रोजची कामं हळूहळू हिरावून घेणारा मेंदूचा आजार). आता आज्जा रोज सकाळी सांचीला बघून विचारत, "तू कुणाची गं?" पहिल्यांदा ती हसून सांगायची. मग एकदा रडली. आता ती मागच्या दारानं शाळेला जायची. आज्जांची तिला भीती वाटे, आणि भीती वाटते याची लाजही वाटे.

आणि दिवाळीपासून तिनं एक वही ठेवली होती. अण्णा जे जे विसरले ते ते ती वहीत लिहून ठेवायची आणि वही दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकात लपवायची. 'आईनं रसात घालायची चुन्याची निवळी आणायला सांगितली, आणली नाही.' 'शाळेतली सभा विसरले.' 'आत्याचा निरोप विसरले.' त्या संध्याकाळी तिनं सतरावी नोंद लिहिली. 'काहील लागली. अण्णा स्वतःच म्हणाले, विसरलो.' लिहिताना पेन्सिलचं टोक मोडलं. वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्या पोरीनं हे कुणाला तरी सांगायचं नाही का? पण सांगितलं की खरं होतं, असं तिला वाटत होतं. मोठ्या माणसांनाही तसंच वाटतं, फक्त ती कबूल करत नाहीत.

तीन दिवसांनी सकाळी वेशीकडून घंटा ऐकू आली. बारीक, किणकिणती.

"हेळवी आली," सांची म्हणाली.

"कोण?" अण्णांनी विचारलं. घंटा अजून वाजतच होती.

हेळवी म्हणजे घराण्यांची नावं सांभाळणारे लोक. पूर्वी सुगीनंतर हेळवी बैलावर बसून यायचा, अंगणात बसून घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ म्हणायचा, नवं जन्मलेलं पोर पुस्तकात लिहायचा आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचा. अजूनही हेळवी येते, पण ती डॉक्टर आहे. महादेवी हेळवी आपल्या आजोबांची जाडजूड पुस्तकं वाचता वाचता आनुवंशिकी (आई-वडिलांचं मुलांत काय आणि कसं उतरतं, याचं शास्त्र) शिकली. तिचा बैलही यंत्राचा. नाव बसवा, चार पाय, पाठीवर तपासणीची पेटी, गळ्यात मात्र आजोबांच्या खऱ्या बैलाची घंटा. पोरांना आवडतं म्हणून तिनं त्याला नंदीबैलासारखी मान डोलवायला शिकवलं होतं. उद्या सुट्टी आहे का म्हणून विचारलं, की तो पंचांग बघून होय किंवा नाही अशी मान हलवी.

महादेवी अंगणात बसली आणि तिनं मगदुमांच्या पिढ्या म्हणायला सुरुवात केली. अण्णा उठले. "घाणा चालू करायचा हाय," एवढंच म्हणून ते गुऱ्हाळाकडं निघून गेले. आजवर पिढ्या म्हणून होईपर्यंत ते कधी उठले नव्हते.

आई चहा करायला आत गेली, महादेवी आज्जांची नाडी बघायला गेली, आणि बसवापाशी उरली फक्त सांची. तिनं इकडं तिकडं पाहिलं. मग त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, "बसवा, माझे अण्णा मला विसरणार?"

बसवाची मान थोडी खाली आली आणि तिथंच थांबली. होयला वर-खाली होते तशी झाली नाही, नाहीला डावी-उजवीकडं होते तशीही नाही. "हा प्रश्न मान हलवून सुटणारा नाही," पेटीतल्या आवाजात तो म्हणाला.

सांचीनं नजर वळवली. बसवाच्या पाठीवर पुस्तक उघडं होतं. तिनं पान उलटलं, आणि तिथं शाईनं लिहिलेलं दिसलं. 'तवनाप्पा बाळगोंडा मगदूम. उत्तम गुळव्या. उतारवयात भ्रम. घरची वाट विसरला. शेवटी लेकरांची नावं विसरला.'

तवनाप्पा बाळगोंडा मगदूम. अण्णांचं पूर्ण नाव. अजून घडायचं होतं ते आधीच लिहून ठेवलेलं.

"वरचं साल वाच," मागून महादेवी म्हणाली. ती कधी आली ते सांचीला कळलंच नव्हतं. "मोठ्यानं वाच."

"जन्म... एकोणीसशे पंचावन्न."

"हे तुझे पणजोबा. तुमच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, म्हणून एका आड एक तवनाप्पा आणि बाळगोंडा. नाव उतरलं म्हणून नशीब उतरत नाही." ती ओट्यावर टेकली. "आता सांग, कधीपासून घाबरली आहेस?"

मग सांचीला धीर धरवला नाही. पणजोबांना झालं, आज्जांना झालं, आता अण्णांना होतंय आणि मग मला, असं सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. महादेवीनं उगीच तिचे डोळे पुसले नाहीत की 'असं काही नसतं गं' असंही म्हटलं नाही. सांचीला तेवढ्यानंच थोडं बरं वाटलं.

"रस उकळायला लागला की वर काय येतं?" महादेवीनं विचारलं.

"मळी."

"मग काय करता?"

"भेंडीचं पाणी घालायचं आणि झाऱ्यानं मळी काढायची. न्हाई काढली तर गूळ बिघडतो."

"मेंदूचंही काहीसं तसंच. मेंदूत अब्जावधी चेतापेशी (एकमेकींना निरोप देणाऱ्या पेशी) असतात. त्या काम करतात तेव्हा नको असलेली प्रथिनंही तयार होतात. रोज, तुझ्याही डोक्यात. मेंदू ती काढून टाकतो, गाढ झोपेत जास्तच. अल्झायमरमध्ये ती साचत जातात. अमायलॉइड नावाचं प्रथिन पेशींच्या बाहेर गठ्ठे करतं, टाऊ नावाचं पेशींच्या आत गुंता करतं. मग निरोप पोचेनासे होतात आणि पेशी मरायला लागतात. हे साचणं आठवण जायच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू होतं."

"आणि ते बापाकडनं पोराला येतं."

"आजार येत नाही. जनुकं येतात. जनुक म्हणजे शरीर कसं चालवायचं, याच्या सूचनेची एक चिठ्ठी. निम्म्या चिठ्ठ्या आईकडून, निम्म्या वडिलांकडून. काही चिठ्ठ्यांमुळं मेंदूची मळी काढायचं काम जरा मंद होतं."

तिनं चिपाडाचे दहा तुकडे मातीवर ओळीनं मांडले. "ही दहा म्हातारी माणसं. यांतल्या एक-दोघांना हा आजार होतो असं धर." तिनं दोन तुकडे बाजूला सारले. "आता हीच ओळ दुसऱ्या दहा जणांची समज. यांच्या वडिलांना किंवा आईला तो होता. यांतल्या तिघांना होईल, चौघांना म्हण." तिनं आणखी दोन सारले. "धोका वाढला, ते मी लपवणार नाही. पण ओळीत किती राहिले?"

"सहा," सांची म्हणाली. पण तिची नजर बाजूला सारलेल्या चार तुकड्यांवरच होती. भीतीला बेरीज येते, वजाबाकी येत नाही.

"म्हणून बसवाची मान मध्येच थांबली. धोका म्हणजे होय नव्हे आणि नाहीही नव्हे."

"पण अण्णा म्हातारे कुठं हायत? शेहेचाळीसचे हायत."

महादेवी मातीवरचे तुकडे गोळा करायला लागली. सांचीनं तिचा हात धरला.

"खरं सांगा."

"खरंच सांगते. या आजाराची एक विरळ जात आहे. शंभर रोग्यांत एखाद्यालाही क्वचित. तिच्यात एकच जनुक इतकं बिघडलेलं असतं, की चाळिशी-पन्नाशीतच आजार सुरू होतो. निम्म्या मुलांत तो उतरतो."

महादेवीनं पुस्तक पुढं ओढलं. "पण तसं असतं तर इथं दिसलं असतं. पाच पिढ्या आहेत बघ. पणजोबा पंच्याहत्तरीनंतर. आज्जा एकाहत्तराव्या वर्षी. सत्तरीच्या आत कुणीच नाही. डॉक्टर पहिल्यांदा घराण्याची माहिती का विचारतात ते कळलं? कुणाला झाला एवढंच नाही, कितव्या वर्षी झाला तेही विचारायचं असतं."

"मग अण्णा का इसरायलेत?"

"तेच मलाही कळत नाही. काय काय विसरतात?"

सांची आत गेली, दप्तर उपसलं आणि वही आणून तिच्या हातात ठेवली. दीड महिना छातीवर ठेवलेला धोंडा दुसऱ्याच्या हातात दिल्यासारखं तिला झालं.

महादेवीनं वही एकदा वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून. "चुन्याची निवळी आणा असं आईनं सांगितलं, तेव्हा अण्णा कुठं होते?"

"घाण्यापाशी. घाणा चालू हुता."

"शाळेच्या सभेचं कुणी सांगितलं?"

"मीच. ते न्हाणीत हुते, मी सैपाकघरातनं सांगितलं. 'हूं' म्हणाले की."

"आत्याचा निरोप फोनवर आला. हाक मारली ती पाठीमागून." तिचं बोट खाली खाली येत होतं. "दुकानातून काय आणायचं याची चिठ्ठी दिली होती कधी?"

"लई वेळा."

"त्यातलं काही विसरले?"

सांचीनं आठवून पाहिलं. नाही. एकदाही नाही. परवा वाण्याच्या चिठ्ठीत चौदा जिन्नस होते, तेही आणले होते.

"आता काहिलीचा दिवस. तेव्हा कुणी काही बोललं होतं?"

हे सांचीनं वहीत लिहिलंच नव्हतं. आज्जांचं बोलणं घरात कोण मनावर घेतं? तिनं डोळे मिटले. घाण्याची धडधड, परात, आणि बाजेवरून आलेला खरखरीत आवाज. "'झाला. उतरवा,' असं आज्जा म्हणाले."

"कधी?"

"अण्णांनी तिसऱ्यांदा गोळी मारली तवा."

"म्हणजे टण झाला होता. ज्यांची आठवण गेली त्यांना तो समजला. ज्यांना तुम्ही विसराळू म्हणताय त्यांना समजला नाही. आता तूच सांग, गेलं काय आहे?"

"कान," सांची म्हणाली.

दोघी गुऱ्हाळावर जाऊन तपासायचं म्हणाल्या, तेव्हा अण्णा आधी चिडले. "मला काय धाड भरल्या?" ते म्हणाले. पण सांचीचा चेहरा बघून त्यांनी घाणा बंद केला. महादेवीनं त्यांना भिंतीकडं तोंड करून बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच. सांची त्यांच्या बाजूला उभी राहिली. महादेवीनं मागं परातीवर मऊ गोळी मारली. थप. बोट वर झालं. मग तिनं कडक झालेली गोळी मारली. टण. सांचीला तो आवाज दातांपर्यंत ऐकू आला. अण्णांचं बोट हललं नाही. पुन्हा टण. अण्णा शांतपणे भिंतीकडं बघत होते, जसे त्या दिवशी वाट बघत उभे होते तसेच.

"मार की आता," ते म्हणाले.

मग अण्णांनी मागं वळून परात पाहिली आणि त्यांना सगळं कळलं.

"वीस वर्षं घाण्याशेजारी," महादेवी म्हणाली. यावेळी ती समोर येऊन, सावकाश बोलली. "कानाच्या आत केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच आवाज आधी जातात. टण तसाच आहे. लोकांचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकू येतं. जे ऐकलंच नाही ते आठवणार कसं? पण तुमच्या घरात चुकलं की विसरलं, हे ठरूनच गेलंय."

अण्णा परातीवर बोट फिरवत राहिले. मग बोलले ते सांचीला कधीच अपेक्षित नव्हतं. "दिवाळीपासनं मी रोज सकाळी उठलो की अंथरुणातच नावं म्हणून बघतोय. आईचं नाव, बायकोचं, सांचीचं. म्हणता आली की उठतो. एखाद्या दिवशी न्हाई आली तर..."

म्हणजे एकाच घरात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, बाप आणि लेक एकच भीती उशाखाली घेऊन झोपत होते. सांची जाऊन त्यांच्या हाताला बिलगली.

"कान गेलेत म्हंजी डोस्कं ठीक हाय असं न्हाई," अण्णा म्हणाले. "रगत बघा माझं."

महादेवीनं बोटाला सुई टोचली, रक्ताचे थेंब बसवाच्या पेटीत गेले. पेशींतला टाऊचा गुंता वाढायला लागला की त्याच्या खुणा रक्तात उतरतात, तेवढ्या ती पेटी शोधते. वीस मिनिटं लागणार होती. त्या वीस मिनिटांत आईनं आणलेला चहा कुणी प्यायलं नाही. आई चुलाणापाशी चिपाडं उगीच सरळ करत बसली. सांची बसवाच्या पोटावरचा पिवळा दिवा बघत होती. तो दिवा बदलूच नये, असंही तिला एकदा वाटून गेलं.

दिवा हिरवा झाला. "या घडीला साचल्याची खूण नाही," बसवा म्हणाला.

आई पदरात तोंड घालून रडली.

"या घडीला," महादेवीनं तो शब्द पुन्हा उच्चारला. "उद्याची हमी कुणी देत नाही, मीही देणार नाही. पण कानांचं वेळेत कळलं, हे फार बरं झालं. कमी ऐकू येणं हाही या आजाराचा एक धोका आहे. मेंदूला आवाज पोचत नाहीत, अंदाज बांधण्यात तो दमतो, माणूस हळूहळू चारचौघांत बसायचं सोडतो. श्रवणयंत्र घातलं तर तो धोका कमी होऊ शकतो. घाण्यापाशी कान झाकायचे. रक्तदाब आणि साखर तपासत राहायची. गूळ करा, पण जिभेला आवर घाला." तिनं अण्णांच्या खिशाकडं पाहिलं. "आणि ती तंबाखूची डबी."

अण्णांनी डबी काढून आईकडं दिली. आईनं ती सरळ चुलाणात टाकली. एवढ्या घाईची कुणी अपेक्षा केली नव्हती, अण्णांनी तर नाहीच.

"रोज चालायचं, पुरेसं झोपायचं, माणसांत बसायचं, नवं काही शिकायचं," महादेवी सांचीकडं वळली. "जगभरात ज्यांना असा विसरण्याचा आजार होतो, त्यांतल्या निम्म्याच्या जवळपास लोकांचा तो अशा गोष्टींनी टाळता किंवा लांबवता येईल, असा अंदाज आहे. उरलेल्यांचा नाही. सगळं नीट सांभाळूनही कुणाला तो होतोच, आणि त्यात त्या माणसाची चूक नसते. आज्जांची नव्हती."

"ती धोक्याची चिठ्ठी माझ्यात हाय का, ते कळतंय?" अण्णांनी विचारलं.

"कळतं. तुम्ही म्हणालात तर बघते. पण एकदा कळलं की ते विसरता येत नाही."

"हाय असं कळलं तर येगळं काय करायचं?"

"हेच. जरा जास्त नेटानं."

अण्णांनी क्षणभर विचार केला. "मग ऱ्हाऊ दे. ऊस कसा येतोय ते गुळव्याच्या हातात नसतंय. जाळ किती घालायचा आणि मळी कवा काढायची, ते असतंय."

"माझं बघा," सांचीनं बोट पुढं केलं.

महादेवीनं ते बोट मिटवून टाकलं. "लहान मुलांची ही तपासणी आम्ही करत नाही. तू अठराची झालीस की तूच ठरव, कळायला हवं की नको. तो हक्क तुझा आहे, आज आम्ही वापरून टाकायचा नाही. तोवर आमचं शास्त्रही पुढं गेलेलं असेल. आज आजार हळू करणारी औषधं आहेत. तू मोठी होशील तेव्हा, कोण जाणे, मळी साचूच न देणारं काही हाती येईलही." मग तिनं पुस्तक उघडलं. मगदुमांच्या पानावर आजवर फक्त मुलगे लिहिलेले होते. तिनं तवनाप्पांच्या खाली लिहिलं, 'मुलगी सांची. वही ठेवते. वहीमुळं बापाचे कान कळले.'

पंधरा दिवसांनी अण्णांच्या कानामागं हरभऱ्याच्या दाण्याएवढं यंत्र बसलं. पहिले दोन दिवस ते वैतागले. भांडी आपटतात, कावळे ओरडतात, आई एवढं बोलते हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं म्हणाले. तिसऱ्या दिवशी काहील चढली. आई आणि सांची काहिलीपासून हलल्या नाहीत, कारण यंत्र बसलं तरी भीती अशी एका दिवसात उतरत नाही. अण्णांनी घाणा थांबवायला लावला. गोळी मारली. थप. पुन्हा मारली. थप. तिसरी गोळी परातीवर पडली.

"उतरवा," अण्णा म्हणाले.

"झाला, उतरवा," त्याच वेळी बाजेवरून आज्जा म्हणाले.

अण्णा आज्जांकडं बघतच राहिले. गूळ सोन्यासारखा उतरला.

सगळे निववायच्या उथळ वाफ्यात गूळ ओतायच्या गडबडीत असताना आज्जांनी मान वळवली. त्यांचे डोळे सांचीवर आले. "तू कुणाची गं?"

गुऱ्हाळाचं मागचं दार उघडंच होतं. सांचीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग ती बाजेपाशी जाऊन आज्जांच्या समोर बसली. भीती गेली नव्हती. पण महादेवी म्हणायची तशी, सावकाश, एकेक नाव नीट लावत ती म्हणाली, "मी सांची. तवनाप्पाची लेक. बाळगोंडाची नात. पहिल्या तवनाप्पाची पणती. माळकवाडीचे मगदूम, घराणं गुळव्यांचं."

आज्जांनी डोळे बारीक केले. "बाळगोंडा," ते म्हणाले. "वळखीचं वाटतंय नाव."

"वळखीचंच हाय, आज्जा," सांची म्हणाली, आणि त्यांना आठवत नव्हतं म्हणून तिनं पिढ्या पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.